शेवटच्या डब्यावरची फुली

तर मंडळी, आज सुरुवात एका छोट्याशा क्विझने. मेल-एक्स्प्रेस गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर एवढी मोठी फुली का रंगवलेली असते? शेजारी 'एलव्ही' लिहिलेली एक पाटीही लटकत असते बघा. बक्षीस काही नाही, फक्त इज्जत का सवाल आहे!

'डिझाइन आहे' म्हणणाऱ्यांना शून्य मार्क. 'तो डबा बाद झालाय' म्हणणाऱ्यांना अर्धा, कल्पनाशक्तीबद्दल. खरं उत्तर असं, की ती फुली प्रवाशांसाठी नसतेच. ती असते स्टेशनवर उभ्या असलेल्या रेल्वेच्या माणसासाठी. गाडी धडधडत समोरून गेली, शेवटच्या डब्यावर फुली दिसली, म्हणजे गाडी अख्खी गेली. फुली दिसलीच नाही, तर बॉस, लोचा आहे! मागचे काही डबे सुटून रुळावर कुठेतरी उभे असू शकतात. 'एलव्ही'चा अर्थही तोच. लास्ट व्हेइकल, शेवटचं वाहन.

म्हणजे गाडी डोळ्यांसमोरून निघून गेली एवढ्यावर ती पूर्ण होती असं म्हणायचं नाही. शेवट झाल्याची खूण दिसली पाहिजे. संपणं वेगळं आणि नुसतं थांबणं वेगळं. ऑफिसात 'डन' असा मेल टाकणाऱ्यांना आणि तो मेल वाचून कपाळावर हात मारणाऱ्यांना हा फरक वेगळा समजवायला नको.

आता आपली गाडी वळवते जीवशास्त्राच्या रुळावर. घाबरू नका, बारावीची परीक्षा नाहीये ही!

तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत (काही मोजके अपवाद सोडले तर) ४६ गुणसूत्रं असतात, हे शाळेत पाठ केलेलं आठवत असेल. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा एक भलामोठा धागा. त्यावर चारच अक्षरांत सगळा मजकूर लिहिलेला असतो. ए, टी, जी आणि सी. आपलं सर्वांत मोठं गुणसूत्र, म्हणजे एक नंबरचं, सुमारे २५ कोटी अक्षरांचं आहे. आणि प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना एक खूण असते. तिला म्हणतात टेलोमिअर. माणसात ही खूण म्हणजे एकच सहा अक्षरी शब्द, टी-टी-ए-जी-जी-जी. पण तो एकदाच येत नाही. टीटीएजीजीजी, टीटीएजीजीजी, टीटीएजीजीजी... असा तो शेकडो-हजारो वेळा एकापाठोपाठ एक येत राहतो. लहान मूल आईला हाक मारत सुटतं ना, तसा!

टेलोमिअर हा शब्द तुम्ही ऐकलाही असेल. पेशी विभागत जातात तशी ही टोकं झिजत जातात, त्याचा वयाशी संबंध आहे, वगैरे वगैरे. 'चिरतरुण' राहण्याची औषधं विकणाऱ्यांनी तर तो जाम पिकवलाय. पण आज आपल्याला त्या दुकानात शिरायचंच नाहीये. आजचा प्रश्न त्याहून साधा आहे. एखाद्या जीवाचा सगळा डीएनए वाचून झाला असं कुणी म्हणालं, तर ते खरंच टोकापर्यंत पोचलेत की नाही, हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न का पडतो, ते आधी सांगते. डीएनए या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाचणारं मशीन अजून निघालेलं नाही. मग करतात काय, तर त्याचे तुकडे करून तुकडे वाचतात. समजा, एकाच पेपरच्या शंभर प्रती फाडून सगळा चुरा एका पोत्यात भरला. आता एका तुकड्याचा शेवट दुसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीशी जुळतो का, हे बघत बघत अख्खा पेपर पुन्हा उभा करायचा. हे काम सॉफ्टवेअर करतं आणि त्यातून जे हाती येतं त्याला म्हणतात जिनोमचा ड्राफ्ट. कच्चा खर्डा, म्हणा ना.

पण पेपरच्या शेवटच्या पानावर एकच शब्द हजार वेळा छापलेला असेल तर? कुठला तुकडा कुणाच्या शेजारी ठेवायचा? सगळेच सारखे दिसतात! शिवाय शब्द नेमका किती वेळा आहे, नऊशे की बाराशे, तेही कळत नाही. सॉफ्टवेअर तिथे हात टेकतं आणि धागा कापून टाकतं. फाइल थांबते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, संपली.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपण स्वतःच आहोत. २६ जून २००० रोजी व्हाइट हाउसमध्ये बिल क्लिंटन यांनी मानवी जिनोमचा कच्चा आराखडा तयार झाल्याची घोषणा केली. फ्रान्सिस कॉलिन्स आणि क्रेग व्हेंटर दोन बाजूंना आणि लंडनहून टोनी ब्लेअर सॅटेलाइटवर. कसला भारी सोहळा होता तो! फेब्रुवारी २००१ मध्ये ड्राफ्ट छापून आले. एप्रिल २००३ मध्ये ह्यूमन जिनोम प्रोजेक्ट पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. पण त्या 'पूर्ण'मध्ये सुमारे ८ टक्के भाग गाळलेला होता. एकच मजकूर पुन्हा पुन्हा येणारे भाग, म्हणजे गुणसूत्रांचे मध्यबिंदू आणि टोकांजवळचे पट्टे, त्यात होते. तो गाळ भरून निघाला थेट २०२२ मध्ये. अॅडम फिलिपी आणि कॅरन मिगा यांच्या पुढाकाराखालच्या गटानं ३०५ कोटींहून थोडी जास्त अक्षरं सलग जोडून दाखवली. त्या गटाचं नावच मुळी 'टेलोमिअर टू टेलोमिअर'. म्हणजे या फुलीपासून त्या फुलीपर्यंत! त्यातही वाय गुणसूत्र नव्हतं, ते २०२३ मध्ये आलं. 'डन' आणि 'खरंच डन' यांच्यात वीस वर्षं गेली, काय समजलात?

हे जमलं ते लांब वाचणाऱ्या मशीनमुळे. पूर्वीची मशीन एका दमात काहीशे अक्षरं वाचायची. आता एक प्रकारचं मशीन पंधरा-वीस हजार अक्षरं जवळजवळ बिनचूक वाचतं, तर दुसरं लाखाच्या वर जाऊ शकतं. माणसाचं टेलोमिअर साधारण पाच ते पंधरा हजार अक्षरांचं. म्हणजे अख्खं टोक आणि त्याच्या अलीकडचा ओळखीचा मजकूर एकाच तुकड्यात येऊ शकतो. त्यामुळे आता फक्त माणूसच नाही, तर झाडं, किडे, बुरशी, मासे... शेकडो प्रयोगशाळा रोज नवनवे ड्राफ्ट बनवताहेत. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या 'डार्विन ट्री ऑफ लाइफ' या एकाच प्रकल्पाचं लक्ष्य सुमारे ७०,००० प्रजातींचं आहे. प्रत्येक ड्राफ्टचं प्रत्येक टोक माणसानं डोळ्यांनी तपासायचं म्हटलं तर झालंच!

म्हणून प्लॅटफॉर्मवर उभं राहून फुली बघणारी छोटी छोटी सॉफ्टवेअर निघाली. हेंग ली या जिनोम-जगतातल्या नामी प्रोग्रामरच्या 'सेकटीके' या टूलमध्ये 'टेलो' नावाची एक कमांड आहे. ती काय करते? प्रत्येक धाग्याच्या टोकाशी उभी राहते आणि आत चालायला लागते. ओळखीचा शब्द भेटला की गुण वाढवायचे, भलतंच काही भेटलं की कमी करायचे. गुण फारच घसरले की थांबायचं. थांबेपर्यंत पुरेसे गुण जमले असतील तर इथे फुली आहे, नाहीतर नाही. इतकं साधं! यात एक गंमतही आहे. धागा डावीकडून उजवीकडे वाचला तर शेवटाला टीटीएजीजीजी दिसतं, पण सुरुवातीला दिसतो त्याचा आरशातला जोडीदार, सीसीसीटीएए. सुरुवातीलाच टीटीएजीजीजी दिसलं तर तो तुकडा उलटा जोडला गेलाय, असा संशय घ्यायचा.

दुसरं टूल म्हणजे 'टी-आय-डी-के', केंब्रिजजवळच्या वेलकम सँगर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी केलेलं. हे अख्ख्या गुणसूत्रावर ठरावीक लांबीच्या खिडक्या सरकवत नेतं, प्रत्येक खिडकीत तो शब्द किती वेळा आला ते मोजतं आणि चक्क ग्राफ काढून देतं. सगळं आलबेल असेल तर ग्राफ दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये सपाट. एखाद्या टोकाला उंचवटाच नसेल, तर तिथे काहीतरी राहिलंय.

माझी रूमी हे काम करते, म्हणून मला हे सगळं माहीत. ती पुण्यातल्या एका लॅबमध्ये आहे. एका औषधी रोपाचा जिनोम जोडणं हा तिचा दोन वर्षांचा उद्योग. दिवसभर काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आणि रात्री आमच्या किचनमध्ये चहा उकळत ठेवून त्याच अक्षरांवर चर्चा. मागे एकदा ती असाच एक ग्राफ घेऊन बसली होती. तिच्या रोपाला अकरा गुणसूत्रं. म्हणजे टोकं बावीस. उंचवटे दिसत होते सतरा.

''पण फाइल तर संपतेय ना?'' मी विचारलं.

''अगं, फाइल संपतेय. गुणसूत्र संपतंय का, ते बघतेय मी.''

तिच्या सरांना शुक्रवारपर्यंत रिपोर्ट हवा होता आणि त्यात 'कम्प्लीट' हा शब्द हवा होता. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा, पुढची ग्रँट त्यावर अवलंबून होती. ''पाच टोकांकडे कोण बघतंय?'' असं ते म्हणाले होते. आणि खरं सांगू, कोणी बघितलंही नसतं. रूमीनेच मला सांगितलं, की दोन ओळींचा प्रोग्राम लिहून त्या पाचही टोकांना शब्द हजार-हजार वेळा चिकटवता आला असता. ग्राफ एकदम सही दिसला असता. बावीसपैकी बावीस!

फुली रंगवायला काय, ब्रश आणि रंग पुरतो. मागचे डबे त्यानं परत येत नाहीत.

पण आधी हे बघू, की टोकाला खूण दिसली नाही याचा अर्थ काय काय होऊ शकतो. मला वाटलं होतं, एकच अर्थ असेल, राहून गेलं. रूमीनं बोटांवर मोजून दाखवले तेव्हा एक हात पुरेना.

पहिला अर्थ, धागा खरंच अलीकडे तुटलाय. दुसरा, टोक वाचलं गेलंय, पण ते कुणाशी न जुळल्यामुळे एका सुट्या तुकड्यात बेवारस पडलंय. अशा वेळी 'टेलोक्लिप'सारखं टूल कामाला येतं. धाग्याच्या कडेवरून बाहेर लोंबणारे लांब तुकडे ते शोधतं आणि त्या लोंबणाऱ्या भागात टेलोमिअरचा शब्द आहे का, ते बघतं. असला तर धागा तिथपर्यंत वाढवता येतो, तोही पुराव्यानिशी.

तिसरा अर्थ मला भन्नाट वाटला. मशीनच चुकीचं वाचतं! नॅनोपोअर प्रकारच्या मशीनमध्ये डीएनए एका अतिसूक्ष्म छिद्रातून सरकतो आणि विजेच्या प्रवाहातल्या बदलावरून अक्षर ओळखलं जातं. २०२२ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, की त्यामागचं सॉफ्टवेअर टीटीएजीजीजीच्या रांगेला बरेचदा टीटीएएएए असं वाचत होतं. म्हणजे फुली रंगवलेली होती, बघणाऱ्याच्या चष्म्याचा नंबर चुकला होता. हे कळल्यावर चष्मा दुरुस्त करण्याची पद्धतही त्याच संशोधकांनी दिली.

आणि चौथा अर्थ, आपण भलतीच खूण शोधतोय. कारण मंडळी, सगळ्या जीवांची फुली एकसारखी नसते!

मुळात ही खूण सापडली तीच एका तळ्यातल्या जीवात. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांनी १९७८ मध्ये 'टेट्राहायमेना' या एकपेशीय जीवाची टोकं वाचली. कारण साधं होतं, त्याच्या पेशीत हजारो चिमुकली गुणसूत्रं असतात, म्हणजे टोकंच टोकं! तिथला शब्द निघाला टीटीजीजीजीजी. माणसाचा टीटीएजीजीजी कळला १९८८ मध्ये. (ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना या कामासाठी २००९ चं नोबेल मिळालं.) बहुतेक झाडांत एक 'टी' जास्त, टीटीटीएजीजीजी. रेशमाच्या किड्यात एक 'जी' कमी, टीटीएजीजी. आणि पिकल्या केळ्यांवर घोंगावणारी ती छोटी माशी असते ना, जिच्यावर शंभर वर्षांपासून प्रयोग चाललेत, तिच्या टोकांना असा शब्दच नाही! तिथे डीएनएमधले उड्या मारणारे काही तुकडे येऊन बसतात आणि टोकाची राखण करतात. फुली शोधणारं टूल तिच्या जिनोमवर चालवलं तर शून्य उत्तर येणार आणि ते शून्य बरोबर असणार.

पण सगळ्यात मजा आणली ती आपल्या कांद्यानं. ज्याचा भाव चढला की सरकारं हलतात, त्या कांद्याचं टोक बरीच वर्षं कुणाला सापडतच नव्हतं. झाडांचा नेहमीचा शब्द नाही, माणसाचाही नाही. शेवटी २०१६ मध्ये ब्रनो या चेक प्रजासत्ताकातल्या शहरातल्या संशोधकांना तो मिळाला. सी-टी-सी-जी-जी-टी-टी-ए-टी-जी-जी-जी, चांगला बारा अक्षरांचा! (ब्रनो म्हणजे तेच गाव, जिथे मेंडेलनं वाटाण्यावर प्रयोग केले होते.) त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ मध्ये, ब्रनोच्याच संशोधकांना रातराणीच्या जवळच्या नात्यातल्या एका झुडपात टीटीटीटीटीटीएजीजीजी असा शब्द सापडला होता. सहा 'टी', मोजून बघा.

आता विचार करा, नव्या जीवाचा शब्द आधी माहीतच नसेल तर टूल शोधणार काय? म्हणून टी-आय-डी-केमध्ये 'एक्सप्लोअर' नावाची सोय आहे. तिला शब्द सांगावा लागत नाही. ती गुणसूत्रांच्या टोकांजवळ जाते आणि विचारते, इथे असा कुठला छोटा शब्द आहे का, जो सलग पुन्हा पुन्हा येतोय? वेगवेगळ्या गुणसूत्रांच्या टोकांवर तोच शब्द पुढे आला, की तो उमेदवार. मग त्याला घेऊन पुन्हा सगळीकडे शोधायचं. सतत 'माझ्याच गावची फुली दाखवा' असा हट्ट धरायचा नाही, हे त्यातलं मला आवडलेलं शहाणपण.

आणि कधी कधी तर फुली दिसते, पण भलत्याच ठिकाणी. गाडीच्या मधोमध! अशा वेळी दोन शक्यता. एक, सॉफ्टवेअरनं दोन वेगळी गुणसूत्रं चुकून एकमेकांना जोडली. म्हणजे दोन गाड्यांची एकच गाडी केली. तसं असेल तर ड्राफ्ट तिथे तोडून दुरुस्त करायचा.

दुसरी शक्यता मात्र अंगावर काटा आणणारी आहे. ती जोडणी खरंच झाली असेल तर? तुमच्या-माझ्या दोन नंबरच्या गुणसूत्रात मधेच टेलोमिअरच्या दोन रांगा एकमेकींसमोर तोंड करून उभ्या आहेत, जुन्या, झिजलेल्या. हे १९९१ मध्ये दिसलं. चिंपांझीला गुणसूत्रं ४८, आपल्याला ४६. कारण आपल्या पूर्वजांत कधीतरी दोन गुणसूत्रं टोकाला टोक लावून चिकटली आणि एक झाली. त्या अपघाताची खूण आपण सगळे अजून घेऊन फिरतोय!

आपल्या सह्याद्रीतलं भेकर तर याबाबतीत चॅम्पियन आहे. महाबळेश्वर, कोयनेच्या जंगलात रात्री कुत्र्यासारखं भुंकतं, तेच ते हरीण. त्याच्या मादीला फक्त ६ गुणसूत्रं आणि नराला ७. सस्तन प्राण्यांत सगळ्यात कमी. त्याच्या चीनमधल्या भावकीला मात्र ४६. इतके डबे जोडत जोडत भेकरानं तीन लांबलचक गाड्या केल्या आणि त्या जुन्या सांध्यांवर टेलोमिअरच्या खुणा सापडल्यात. असा जिनोम पहिल्यांदाच बघणाऱ्याला मधल्या फुल्या म्हणजे सॉफ्टवेअरची चूकच वाटेल. 'साफ' करायला गेला तर लाखो वर्षांचा इतिहास पुसून टाकेल.

इथे मला कळलं, की ही टूल उत्तर देत नाहीत. ती बोट दाखवतात. इथे खूण आहे, इथे नाही, इथे नको तिथे आहे. पुढचा विचार माणसानं करायचा.

''पण एवढा आटापिटा कशासाठी? शेवटाला तर नुसता एकच शब्द घोकलेला असतो ना?'' हा प्रश्न मी रूमीला विचारला आणि तुमच्याही मनात आला असणार. उत्तर असं, की त्या शब्दात फारसं काही नाही, पण त्याच्या शेजारीपाजारी खूप काही आहे.

मलेरियाचं घ्या. दर पावसाळ्यात मुंबईकरांना ज्याची धास्ती असते तो. त्याच्या सर्वांत घातक परजीवीचा जिनोम २००२ मध्ये वाचला गेला. चौदा गुणसूत्रं. त्यातली सुमारे साठ जनुकं म्हणजे त्याचे मुखवटे. आपली प्रतिकारशक्ती एक मुखवटा ओळखायला शिकली की तो दुसरा चढवतो. आणि हे मुखवटे बहुतेक करून ठेवलेले असतात कुठे, तर गुणसूत्रांच्या टोकांजवळ! कोकणातल्या भातशेतीला छळणारा करपा रोग घ्या. तो आणणाऱ्या बुरशीचीही अशीच गोष्ट. भाताच्या रोपाला ज्यावरून रोगाची चाहूल लागते, त्यातलं एक जनुक तिच्या गुणसूत्राच्या अगदी टोकाशी आहे. ते जनुक बदललं किंवा गळालं की रोप गाफील राहतं. आता तुमचा ड्राफ्ट नेमका टोकाच्या अलीकडे थांबला असेल, तर तुम्ही शोधत असलेला चोर न वाचलेल्या डब्यातच बसलेला असणार. आणि तुम्ही छातीठोकपणे सांगणार, 'आम्ही सगळी गाडी तपासली, कुणी नव्हतं.' फुली नसलेल्या गाडीला पूर्ण म्हणण्याची किंमत ही असते आणि ती भरतो दुसराच कुणीतरी.

रूमीच्या रोपाचं पुढे काय झालं, ते सांगते. तिनं रिपोर्टला आठवडाभर उशीर केला, सरांची बोलणी खाल्ली. दोन टोकं तिला सुट्या तुकड्यांत सापडली आणि लांब तुकड्यांच्या पुराव्यावर आपापल्या जागी बसली. एक टोक लोंबणाऱ्या तुकड्यांनी मिळवून दिलं. सतराचे झाले वीस. उरलेली दोन काही केल्या मिळाली नाहीत. तिनं रिपोर्टमध्ये बावीस रकान्यांचा तक्ता टाकला, वीस भरलेले आणि दोन रिकामे. 'कम्प्लीट' शब्द टाकलाच नाही. सर तक्ता बराच वेळ बघत बसले म्हणे. मग म्हणाले, ''ठीक आहे. त्या दोन टोकांचं काय करणार, ते पुढच्या प्रपोजलमध्ये लिही.'' रूमी त्या दिवशी येताना बाकरवडी घेऊन आली. आमच्याकडे याला सेलिब्रेशन म्हणतात!

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल. 'अमुक प्राण्याचा जिनोम उलगडला', 'तमुक पिकाचा संपूर्ण नकाशा तयार' अशा बातम्या दर महिन्याला येतात. मासकॉमला आम्हाला कोण, काय, कुठे, कधी, का, कसं हे सहा प्रश्न शिकवले. या बातम्यांना मी आता सातवा लावते, टोकं किती? म्हणजे गुणसूत्रं किती, त्यांच्या दुपटीएवढी टोकं मिळाली का, आणि नसतील मिळाली तर तसं कुठे लिहिलंय का? प्रश्न ऐकून संशोधक रागावत नाहीत. उलट बहुतेक जण खूश होतात, कारण ते रिकामे रकाने त्यांना आधीच माहीत असतात. कुणी विचारतच नाही.

तुम्हीही विचारून बघा. जिनोमबद्दलच कशाला, सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणी 'ऑल डन' म्हणालं की अगदी गोड आवाजात विचारा, ''शेवटचा डबा बघितला का?'' समोरचा गोंधळला, तर त्याला हा कॉलम वाचायला द्या. चला, पुढच्या आठवड्यात भेटू.